सिद्धतेची मांडणी म्हणजे नुसती रंगरंगोटी?

पायरीपंडित: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "पायऱ्या बरोबर असल्या की सिद्धता वैध, मांडणी ही रंगरंगोटी." डोकंच उठलं. अहो −१ = १ धरा, दोन्हीकडे वर्ग करा, १ = १ आलं. पायरी निर्दोष, मग झालं का सिद्ध? पोरं नेमकं हेच करतात, साध्यापासून निघायचं आणि काहीतरी खरं हाती लागलं की खाली रेघ मारून मोकळं.

तिरकसराव: ही चूक तर्काची आहे साहेब, मांडणीची नाही. वर्गापासून उलट येता येत नाही, कितीही सुबक लिहा. शेजारच्या प्रदेशांना एकच रंग न देता कुठलाही नकाशा चार रंगांत रंगवता येतो, याची गणितज्ञ केम्पेची सिद्धता १८७९ ची, त्यातलं भोक हीवुडने दाखवलं १८९० मध्ये, तोवर सगळे माना डोलवत होते.

पायरीपंडित: म्हणूनच म्हणतोय! संगणकशास्त्रज्ञ लॅम्पोर्टने क्रमांक घातलेल्या, एकात एक पायऱ्यांची पद्धत सुचवली ती काय हौस म्हणून?

वहीवाली: क्रमांकांचं कौतुक मला सांगू नका. शाळेत माझी अख्खी सिद्धता बरोबर होती, फक्त "पक्ष, साध्य, रचना" असे मथळे दिले नाहीत तर अर्धे गुण कापले. बाईंनी वाचलंच नव्हतं, नुसते मथळे शोधले.

खडूफळा: मी शिकवतो, म्हणून सांगतो. गठ्ठाभर पेपर तपासून बघा एकदा. "कारण"चा रकाना नसेल तर पोरगं पाठ करून आलंय की समजून, कळत नाही.

वहीवाली: रकान्यात "दिलेले आहे" असं दहादा लिहिलं की समजलं का? तुमच्यासारख्यांमुळेच पोरं गणित सोडतात.

खडूफळा: वैयक्तिक होऊ नका.

तिरकसराव: "सगळे त्रिकोण समद्विभुज असतात" ही भानगड मांडा बघू रकान्यांत. पायाचा लंबदुभाजक, समोरच्या कोनाचा दुभाजक, ते भेटतात तिथून दोन बाजूंवर लंब. एकरूपता सगळ्या खऱ्या. पण एक लंबपाद बाजूवर पडतो नि दुसरा वाढवलेल्या बाजूवर, त्यामुळे एकीकडे बेरीज, दुसरीकडे वजाबाकी. आकृती चुकीची काढली की हे दिसतच नाही. कुठल्या रकान्यात पकडणार?

पायरीपंडित: "बिंदू दोघांच्या मध्ये आहे, कारण?" या रकान्यात! तो रिकामा राहतो ना, तिथेच चोरी सापडते. पाश, हिल्बर्ट या गणितज्ञांनी बिंदूंच्या क्रमाची गृहीतकं उगाच नाही मांडली.

तिरकसराव: बरं, हे मान्य, मांडणीमुळे चूक सापडते. वैधता येत नाही, एवढंच माझं म्हणणं होतं. सिद्धता तपासणाऱ्या लीन या संगणक-प्रणालीला तुमचं सुवाच्य अक्षर लागत नाही.

पायरीपंडित: लीनमध्ये इंडेंट, म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा, चुकवून बघा, लगेच लाल होतं.

तिरकसराव: ते व्याकरण झालं, तर्क नव्हे!!

वहीवाली: माझे अर्धे गुणही व्याकरणातच गेले मग.