कायलीचा 'डिस्को': चाली झकास, पण ढोल यंत्राचा?

शहापूर_बेस
६ नोव्हेंबर २०२० ला आलेला ऑस्ट्रेलियन गायिका कायली मिनोगचा 'डिस्को' हा अल्बम, बाराही गाणी सलग ऐकली. चालींबद्दल तक्रार नाही, 'मॅजिक' तर पहिल्या फटक्यात डोक्यात बसतं. पण तालाचं काय? मापातल्या चारही ठोक्यांवर किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) आणि दोन ठोक्यांच्या मधोमध उघडी हाय-हॅट (झांजांची जोडी), एवढा सांगाडा इथं आहे. चिक या अमेरिकन डिस्को बँडच्या 'गुड टाइम्स'मध्ये (१९७९) टोनी थॉम्पसनचे ड्रम आणि बर्नार्ड एडवर्ड्सचा बेस एकमेकांना जी ढील देतात, ती मात्र कुठंच नाही. प्रत्येक ठोका कॉम्प्युटरच्या ग्रिडला, म्हणजे आखीव चौकटीला चिकटवलेला. अर्ध्यावर येईपर्यंत कान थकतो.

टिळकवाडी_सिंथ
यंत्राचा ताल म्हणजे डिस्को नव्हे, हे कुणी ठरवलं ओ अण्णा? डोना समरचं 'आय फील लव्ह' १९७७ चं. निर्माता जॉर्जिओ मोरोडरनं ते मूग सिंथवर (इलेक्ट्रॉनिक वाद्यावर) उभं केलं, हातापायानं वाजवलेली म्हणायची तर फक्त किक. तिथला ताठपणा हीच त्याची नशा. आणि लांब कशाला, 'आप जैसा कोई' (१९८०) करणारा संगीतकार बिद्दू आपल्या बंगळूरचाच की. नाझिया हसनच्या कोवळ्या आवाजाखाली त्यानं किती मोजकं वाजवलंय ते बघा. कायलीनं तर लॉकडाऊनमध्ये बरंचसं गाणं घरी माइक लावून स्वतःच रेकॉर्ड केलंय. आवाज कानाशी आल्यासारखा वाटतो तो त्यामुळंच असावा. तिच्याच २०१८ च्या 'गोल्डन' अल्बममधल्या नॅशव्हिलच्या, म्हणजे अमेरिकन कंट्री ढंगाच्या गिटारींपेक्षा हे कितीतरी मोकळं आहे.

वडगाव_कट्टा
मोकळं वगैरे ठीक, पण बेस कुठाय? हॉलमध्ये लावून बघितलं तर नुसत्या स्ट्रिंग्ज ऐकू येतात, बाई दूर विहिरीत गाते.

निपाणी_साउंड
विहिरीत गाते म्हणजे तार चुकली. फोनच्या स्टिरिओ जॅकची तार मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटला (दोन तारांतला फरक घेणाऱ्या, एकाच चॅनलच्या खाचेला) थेट खुपसली की मिक्सर डाव्यातून उजवं वजा करतो. किक, बेस आणि मुख्य गाणं दोन्हीकडं सारखं असतं, त्यामुळं तिन्ही उडतात. उरतात फक्त बाजूला पसरलेल्या स्ट्रिंग्ज आणि घुमारा. एका टोकाला स्टिरिओ जॅक आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो जॅक असलेली तार घ्या. डावं एका चॅनलला, उजवं दुसऱ्याला, पॅन (डावी-उजवी बाजू ठरवणारं बटण) पूर्ण दोन्हीकडं.

मग सेटिंग. विसर्जनाच्या मिरवणुकीला ६० हर्ट्झ चढवून ठेवलेला असतो, तो आधी सपाट करा. सब (खोल आवाजाचे मोठे स्पीकर) ९० हर्ट्झच्या खालीच चालू द्या, टॉप (वरचे स्पीकर) त्याच्या वर. डबल अठराच्या (अठरा इंची दोन स्पीकर असलेल्या) सबला १५० पर्यंत सोडलं की किक आणि बेस गिटार एकाच डब्यात कोंबले जातात आणि बेसच्या उड्या चिखलात जातात. एवढं करूनही बेस पातळ वाटला तर एका सबची पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटून बघा, बऱ्याचदा दोन सब एकमेकांचा आवाज खात असतात. लिमिटरचा (आवाज ठरावीक मर्यादेवर दाबणाऱ्या यंत्राचा) लाल दिवा सारखा पेटत असेल तर आवाज कमी करा, आधीच दाबून बनवलेलं गाणं आणखी दाबलं की किकचा 'ठप्' जाऊन 'भुस्' होतं.

शहापूर_बेस
माझी तार बरोबर आहे दादा, हेडफोनवर ऐकलंय. मुद्दा वाजवण्याचा नाही, मांडणीचा आहे. 'मंडे ब्लूज' नसतं तर अल्बमचं काही बिघडलं नसतं. 'डान्स फ्लोअर डार्लिंग' शेवटी एकदम वेग धरतं तिथं मात्र अंगावर येतं. तसली हिंमत आणखी दोन गाण्यांत हवी होती.

खानापूर_डेक
त्याच हिंमतीनं डीजेचा घाम निघतो. लय बदलल्यावर पुढचं गाणं जुन्या बीपीएमवर (मिनिटाला किती ठोके, त्या वेगावर) तयार ठेवलं असेल तर दोन किक घोड्यांसारख्या धावतात. दोन गाण्यांचा वेग जुळवणारं सिंक बटणही सुरुवातीचाच वेग धरून बसतं. दोन मार्ग आहेत. वेग धरायच्या आधीच्या मापावर क्यू (खूण) लावून तिथूनच बाहेर पडा, किंवा गाणं पूर्ण वाजवून थेट कट मारा. हळूहळू मिसळायला जाऊ नका. आणि बीपीएम सारखा ठेवणारी गाणी तुम्हाला कंटाळवाणी वाटतात ना? तीच तर रात्रभर फ्लोअर धरून ठेवतात.

शहापूर_बेस
फ्लोअर धरतात, मान्य. पण घरी बसून ऐकणाऱ्यानं काय करायचं, ते सांगा की.

खानापूर_डेक
उठून नाचायचं.