आय२० घ्यायची ठरली, पण एन लाइनसाठी पावणेदोन लाख जास्त मोजावेत का?

कोयनाकाठ

ह्युंदाईची आय२० घ्यायची यावर घरात एकमत आहे. वाद आहे तो कुठली घ्यायची यावर: साधी १.२ पेट्रोल की एन लाइन. मला मिळालेल्या दोन कोटेशनमध्ये ऑन-रोड किमतीत पावणेदोन लाखांचा फरक आहे. मी एन लाइनच्या बाजूने आहे. का, ते लिहितो. पटलं नाही तर खोडून काढा.

आम्ही राहतो पुण्यात, घर चिपळूणजवळ. महिन्यातून एकदा तरी उंब्रजला वळून पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट उतरून जाणं होतं. गाडीत आम्ही दोघं आणि आई-बाबा. परत येताना डिकीत तांदूळ, नारळ, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या. आत्ताची गाडी १.२ पेट्रोलच आहे. उसाच्या हंगामात पाटणच्या रस्त्यावर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढे असला की तिसऱ्यातून दुसरा टाकायचा, एसी बंद करायचा, इंजिन ओरडायला लागतं, निम्म्या वाटेत समोरून एसटी दिसते आणि मुकाट्याने पुन्हा ट्रॉलीच्या मागे यायचं. आई दर वेळी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरते. हे मला आता नको आहे.

साध्या आय२० ला ८३ पीएस (इंजिनाची ताकद) आणि ११५ न्यूटन-मीटर टॉर्क (ओढण्याचा जोर) आहे, आणि तो पूर्ण टॉर्क ४२०० आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्या झाल्यावर, मिळतो. एन लाइनमध्ये ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो (हवा दाबून आत भरणारं) इंजिन: १२० पीएस, १७२ न्यूटन-मीटर, आणि हा टॉर्क १५०० पासून ४००० आरपीएमपर्यंत सलग. लोक १२० या आकड्यावर बोलतात. माझ्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा १५०० आहे. भरलेली गाडी चढावर हळू चालते तेव्हा आरपीएम असाच कमी असतो. शिवाय चारही चाकांना डिस्क ब्रेक. साध्या गाडीत मागे ड्रम आहेत. घाट उतरताना याचा फरक पडतो.

पूर्वी हेच टर्बो इंजिन साध्या आय२० मध्येही मिळायचं. सप्टेंबर २०२३ मध्ये फेसलिफ्ट (थोडी बदललेली गाडी) आली आणि तिथून ते काढलं. आता टर्बो हवं तर एन लाइनच घ्यावी लागते. लाल पट्ट्या, ब्रेकचे लाल कॅलिपर, दोन तोंडांचा सायलेन्सर हे सगळं मला नको होतं, पण इंजिन त्याच्याबरोबरच येतं.

हिशोबवही

माझा ठाम विरोध आहे.

आधी नावाबद्दल. एन म्हणजे कोरियातलं नामयांग, जिथे ह्युंदाईचं संशोधन केंद्र आहे, आणि जर्मनीतला न्यूर्बुर्गरिंग हा रेस ट्रॅक. युरोपात जी खरी आय२० एन विकली गेली तिला १.६ टर्बो होतं, २०४ पीएस. जागतिक रॅली स्पर्धेत धावते ती गाडी तर पूर्ण वेगळी. आपल्याकडे येते ती एन लाइन. सस्पेन्शन जरा कडक, स्टिअरिंग जरा जड, आवाज बदललेला, आणि इंजिन तेच जे २०२३ पर्यंत साध्या गाडीत मिळत होतं. तुम्हीच ते लिहिलंत. मग २०२३ पर्यंत ज्या इंजिनाला वेगळं नाव नव्हतं, त्याच्यासाठी आज स्पोर्ट्स गाडीचे पैसे का द्यायचे?

आता आकडे. पावणेदोन लाख कर्जात टाकले, ९ टक्के, पाच वर्षं, तर महिना ३६०० च्या वर हप्ता वाढतो आणि शेवटी २ लाख १८ हजार भरलेले असतात. वर्षाला १२,००० किलोमीटर धरा. साधी गाडी १५ देते आणि टर्बो १२, असं धरलं तर २०० लिटर जास्त लागतात. पेट्रोल शंभरीच्या वर आहे, म्हणजे वर्षाला वीस हजार. आपल्या राज्यात पेट्रोल गाडी १० लाखांच्या आत असेल तर रोड टॅक्स ११ टक्के, वर गेली की १२. वरचं मॉडेल निवडाल तर तेही तपासा. पाच वर्षांत हा फरक सव्वातीन लाखांपर्यंत जातो. आणि तुम्ही घाटात जाता महिन्यातून एकदा. उरलेले २८ दिवस गाडी पुण्याच्या सिग्नलला उभी.

सुरक्षिततेचं म्हणाल तर सहा एअरबॅग आणि ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) दोन्हींत आहेत. ट्रॉलीला ओव्हरटेक करता येत नसेल तर पाच मिनिटं थांबावं. मी नाशिकहून कसारा घाटातून गेली अकरा वर्षं १.२ पेट्रोलच चालवतोय, चौघांना घेऊन. कधी अडलं नाही.

चाकणकर७२

हिशोब बरोबर आहे, पण त्यात एक रकाना सुटलाय: गाडी चालवणाऱ्याला रोज काय मिळतं तो.

माझ्याकडे फोक्सवॅगनची पोलो आहे, १.० टीएसआय म्हणजे टर्बो पेट्रोल, सहा गिअरची मॅन्युअल. ११० पीएस, १७५ न्यूटन-मीटर. ही गाडी आमच्या चाकणला बनायची, २०२२ मध्ये बंद झाली. आज विकायला काढा, दोन दिवसांत दारात चार जण उभे राहतात. मी विकणार नाही. रोजचा प्रवास भोसरी ते चाकण, म्हणजे बहुतेक वेळ ट्रॅफिकच. तरी सांगतो, टर्बोचा उपयोग फक्त घाटात होतो हे चूक. शहरात दुसऱ्या-तिसऱ्यावर गाडी सहज सरकते, सारखा गिअर बदलावा लागत नाही. संध्याकाळी पाय कमी दुखतो.

या गाड्यांचा आपल्याकडचा इतिहासही बघा. शेजारी रांजणगावला फियाटने २०१५ मध्ये अबार्थ पुंटो काढली. १.४ टर्बो, १४५ पीएस, किंमत ९ लाख ९५ हजार. त्या पैशात तेवढी ताकद कोणी देत नव्हतं. इंजिन १२०० सीसीच्या वर असल्यामुळे छोट्या गाडीची कर-सवलत तिला नव्हती, तरी तेवढ्यात दिली. ती गेली. मारुतीने २०१७ मध्ये बलेनो आरएस आणली, १.० बूस्टरजेट टर्बो, तीही २०२० पर्यंत संपली. दर वेळी असंच झालं. प्रत्येक जण म्हणतो छान आहे, मग कोटेशन हातात आलं की साधी घेतो, आणि तीन-चार वर्षांनी कंपनी ती बंद करते. नंतर जुन्या बाजारात तीच शोधत फिरतात. आज शोरूममध्ये १२० पीएसची, सहा गिअरची मॅन्युअल, चार मीटरच्या आतली गाडी उभी आहे. ज्याला चालवायची आवड आहे त्याने ती घ्यावी. मी पोलो घेतली तेव्हा माझ्यावरही घरचे रागावले होते.

हिशोबवही

चाकणकर, तुमचाच मुद्दा माझ्या बाजूचा आहे. दर वेळी बंद झाल्या. मग अबार्थवाले आज सुट्या भागांसाठी कुठे जातात? गाडी दहा-बारा वर्षं वापरायची असते.

चाकणकर७२

अबार्थचं दुखणं वेगळं होतं. तिथे कंपनीने फियाट नावाच्या गाड्याच इथे विकणं बंद केलं. एन लाइनचं इंजिन ह्युंदाईच्याच व्हेन्यूतही आहे. त्याचे भाग मिळत राहतील. अडचण आलीच तर त्या खास बंपरची आणि सायलेन्सरची येईल.

विमा_सल्ला

मी विम्याचं काम करते. रोड टॅक्सचा मुद्दा निघालाच आहे तर विम्याचंही सांगते, कारण इथे बहुतेकांचा अंदाज उलटा असतो.

थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीचा विमा) प्रीमियम पीएसवर ठरत नाही, सीसीवर ठरतो. १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये, हे २०२२ पासूनचे दर. एन लाइन ९९८ सीसी, साधी आय२० ११९७ सीसी. म्हणजे जास्त ताकदीच्या गाडीचा थर्ड पार्टी दरवर्षी १,३२२ रुपयांनी कमी! नवीन गाडीला हा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, त्यामुळे फरक सुरुवातीलाच दिसतो. ओन डॅमेज (आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा) गाडीच्या किमतीवर असतो, तो एन लाइनला जास्त बसेल. दोन्ही एकत्र धरले तर विम्यात फार फरक राहत नाही.

जीएसटीचंही तेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्या १८ टक्क्यांत आल्या. त्याआधी २८ आणि वर सेस होता. एन लाइन त्याच रांगेत बसते. कोटेशन जुनं असेल तर दादा, नवीन काढून घ्या. कर टक्क्यांत असल्यामुळे फरकाची रक्कमही थोडी खाली आली असेल.

स्पॅनर_कोल्हापूर

गॅरेज आहे माझं, बावीस वर्षं झाली. गाडी भारी आहे, त्यात वाद न्हाई. पण प्रत्येकानं घ्यावी असं मी सांगणार न्हाई, का ते ऐका.

टर्बो इंजिनाला ऑइल वेळेवर लागतं, आणि चांगलंच लागतं. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, ऑइलच्या पातळ थरावर. ऑइल जळलं, गाळ झाला, की पहिला तो जातो. साध्या १.२ वाल्यानं सर्व्हिस दोन-तीन हजार किलोमीटर पुढं ढकलली तर ते इंजिन सोसतं. हे न्हाई सोसत. दुसरं, यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. साध्या इंजिनात ते व्हॉल्व्हवरनं जातं, त्यामुळं व्हॉल्व्ह धुतले जातात. इथं धुतले जात न्हाईत, कार्बन धरतो. कायम शहरात, दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत जास्त धरतो. म्हंजे ज्याचं रनिंग जवळचं, त्यानं टर्बो घेऊच नये. तुमचं महिन्याला पुणे-चिपळूण आहे, ते इंजिनाला चांगलं.

गिअरबॉक्सचं मात्र ठासून सांगतो. ऑटोमॅटिकमधला सात गिअरचा डीसीटी (दोन क्लचचा गिअरबॉक्स) कोरड्या क्लचचा आहे. चढावर, ट्रॅफिकमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून इंच-इंच सरकवत राहिलं की कोरडा क्लच तापतो. एका वेगळ्याच कंपनीची अशीच कोरड्या क्लचची गाडी आंबोली घाटात रविवारच्या गर्दीत अडकलेली मी स्वतः जाऊन आणलीय; पडद्यावर लाल इशारा, गाडी जागची हलंना. २०२१ ला एन लाइन आली तवा क्लच पेडल नसलेली आयएमटी होती. २०२३ ला सरळ सहा गिअरची मॅन्युअल दिली. ती घ्या. अन् कुंभार्ली चढून वर आला की लगेच चावी बंद करू नका, मिनिटभर चालू ठेवा. नव्या गाड्यांना लागत न्हाई म्हणतात. मी अजून सांगतो.

साताऱ्याची_लेक

इथे सगळे ताकद आणि पैसे यावरच बोलताय. माझी काळजी वेगळी आहे.

आमच्या घरी टर्बो हॅचबॅक आहे, यांच्या हौसेने घेतलेली. मुलगा एकोणीस वर्षांचा, लायसन्स नुकतं मिळालंय. १.२ मध्ये ॲक्सिलरेटर दाबला की गाडी विचार करायला वेळ देते. ही देत नाही. खंबाटकी चढताना त्याने एका ट्रकच्या आणि कठड्याच्या मधून गाडी काढली, आणि मला म्हणाला, "आई, जागा होती." होतीही. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. एक्सप्रेसवेवर सपाट भागात १०० ची मर्यादा आहे, कॅमेरे आहेत. ती ताकद कायद्यात राहून वापरायची कुठे? तुम्ही सांभाळून चालवाल हो. घरात चावी आणखी कोणाच्या हातात जाणार आहे, त्याचा विचार झालाय का?

कोयनाकाठ

ताई, तुमचं म्हणणं वाचून मी दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. आमच्या घरी चालवणारे आम्ही दोघंच, मुलगी सात वर्षांची आहे. पण ती अठराची होईल तेव्हाही ही गाडी दारात असू शकते, हे माझ्या डोक्यात नव्हतं. वेगाबद्दल एवढंच सांगतो की मला १२० ने जायचं नाही. मला ४० वरून ७० वर लवकर जायचंय, म्हणजे समोरच्या बाजूला कमी वेळ राहावं लागेल. धोका तेवढ्या सेकंदांचाच असतो.

हिशोबवही, पाच मिनिटं थांबा म्हणता, ते मी थांबतो. ट्रॉली एक नसते, उंब्रज ते पाटण आठ-दहा भेटतात. माझ्यामागचे थांबत नाहीत, ते माझ्यासकट ओव्हरटेक करतात.

काल आई-बाबांना घेऊन दोन्ही गाड्यांची ट्रायल घेतली. शोरूमवाला फक्त सपाट रस्त्याची फेरी देत होता, हट्ट धरून कात्रजच्या जुन्या घाटात नेली. मुद्दाम चौघं बसलो. खड्ड्यांवर एन लाइन कडक वाटली, हे खरंच आहे. बाबा मागे बसले होते, त्यांचं कमरेचं दुखणं जुनं. दोन स्पीडब्रेकरला ते बोलले. पण वळणांवर गाडी कमी झुलली, आणि आईला, जिला कुंभार्लीत दर वेळी गोळी घ्यावी लागते, तिला साध्या गाडीत जास्त मळमळलं. बायकोने दोन्ही चालवल्या. बोगद्याच्या आधीच्या चढावर तिसऱ्यातच ठेवून ती वर आली, आणि पहिल्यांदा म्हणाली की घाटात मी चालवेन. आजवर घाटात ती स्टिअरिंग घेत नव्हती.

मॅन्युअलच बघतोय. वरचं मॉडेल नको, खालचं.

हिशोबवही

खालचं मॉडेल घेत असाल तर माझा निम्मा विरोध मावळला. उरलेला कायम आहे. बाबांच्या कमरेपेक्षा आईच्या मळमळीला तुम्ही जास्त वजन दिलंत. घाट महिन्यातून दोनदा, स्पीडब्रेकर रोज. ज्याला रोज मागे बसायचंय त्याला विचारून मग बुकिंग करा.

कोयनाकाठ

विचारलं. बाबा म्हणाले, मी पुढे बसेन.

स्पॅनर_कोल्हापूर

पुढं बसवा. आन् टायरमधी हवा कंपनीच्या आकड्याला ठेवा, पंपावरचं पोरगं सगळ्यांना एकच भरतं. कडकपणा थोडा तिथंच कमी होईल.