फायटर मासा तळालाच बसून राहतोय, दाणे पण खाईना, काय करू?

अनु_परभणी:
नमस्कार. लेकीच्या वाढदिवसाला निळा फायटर आणला, दीड महिना झाला. दुकानदार म्हणला याला काहीच लागत नाही, बाऊलमधे आरामात राहतो, म्हणून दोन लिटरच्या काचेच्या बाऊलमधे ठेवला अन् दर तीन दिवसाला बाऊल घासून पूर्ण पाणी बदलते. चार दिवस झाले तळाला बसून राहिलाय, पंख चिकटल्यावानी झालेत, शेपटीची कड फाटल्यागत दिसायली, दाणा तोंडात घेतो अन् थुंकून टाकतो. आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी, त्याला ब्लीचिंगचा वास लै येतो. ऊन ४२ च्या वर गेलंय. लेक सकाळी उठली की आधी बाऊलपाशी जाऊन बसते, मला तिच्याकडं बघवत नाही. कोणतं औषध आणू?

बोअरचं_पाणी_लातूर:
ताई, औषध काहीच टाकू नका आत्ता, आधी पाणी बघा. माशाच्या घाणीतून आणि उरलेल्या दाण्यांतून अमोनिया तयार होतो, तो डोळ्याला दिसत नाही, पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं पण माशाची कातडी आणि कल्ले त्यात भाजत राहतात. दोन लिटरमधे तो दोन दिवसात वाढतो. मोठ्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर जिवाणू धरतात, ते अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, पण ते जमायला महिना दीड महिना लागतो आणि तुम्ही दर तीन दिवसाला सगळं घासून काढता, मग ते जमणार कधी?

२० लिटरची टाकी घ्या, हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर लावा. नळाचं पाणी बादलीत २४ तास उघडं ठेवा किंवा अँटीक्लोरीनचे थेंब टाका, थेंब असले तर जास्त खात्रीचं. फिल्टर जमेपर्यंत एक दिवसाआड चौथा हिस्साच पाणी बदला. स्पंज नळाखाली कधीच धुवू नका, काढलेल्या पाण्यातच पिळायचा. आणि ते काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, झाडं मस्त येतात. २०१६ ला आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, तेव्हापासून आमच्या घरात बादलीभर पाणी पण मोरीत जात नाही.

गोदाकाठ_नांदेड:
मी तर जाडं मीठ चिमूटभर टाकतो, माझ्या माशाला फरक पडला होता. आणि आरओ जारचं पाणी वापरा, क्लोरीनची कटकटच नाही.

बोअरचं_पाणी_लातूर:
दादा, मिठानं थोडा आधार मिळतो हे खरंय, पण पाणी तेच राहिलं तर मासा परत बसतो. नुसतं आरओ पण नको, त्यात क्षार जवळपास नसतातच. आमच्या बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, हजाराच्या वर आहे म्हणून मी अर्धं बोअर अर्धं आरओ करतो, एवढंच.

सिडको_संभाजीनगर:
उन्हाचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. याला २४ ते २८ डिग्री पाणी मानवतं. पत्र्याच्या घरात दुपारी पाणी ३३ पर्यंत जातं, मी थर्मामीटर लावून बघितलंय. बर्फ टाकू नका, एकदम गार झालं की झटका बसतो. टाकी खिडकीपासून लांब, कूलर असलेल्या खोलीत ठेवा, बाहेरून ओलं फडकं गुंडाळा. झाकण लावा कारण हा उडी मारतो, पण वर चार बोटं हवा सोडा. हा मासा पृष्ठभागावर येऊन हवा पण घेतो, म्हणूनच लोकांना वाटतं की बाऊलमधे भागतं. थायलंडमधे तो उथळ पाण्यात, भातखाचरात राहतो, तिथं पाणी उथळ असलं तरी पसरलेलं असतं. देशी बदामाचं वाळलेलं पान मिळालं तर धुऊन एक टाका, पाणी चहासारखं होतं, घाबरू नका.

अनु_परभणी:
सगळ्यांचे मनापासून आभार. २० लिटरची टाकी आणली, स्पंज फिल्टर मागवून घेतला, बदामाचं पान शाळेच्या आवारातून लेकीनंच वेचून आणलं. आज सहावा दिवस, शेपटी तशीच आहे पण वर येऊन दोन दाणे गिळले. पुढच्या आठवड्यात लग्नाला चार दिवस जिंतूरला जायचंय, शेजारच्या काकूंना दाणे टाकायला सांगू का?

बोअरचं_पाणी_लातूर:
दाणे नका सांगू ताई, मायेनं मूठभर टाकतात अन् पाणी नासतं. चार दिवस उपाशी राहिला तर काही होत नाही. काकूंना फक्त दुपारी फडकं ओलं करायला सांगा, अन् लाईट गेली होती का ते विचारा. निघायच्या आदल्या दिवशी चौथा हिस्सा पाणी बदलून जा.