विषय: अकरा-अकरा सुरू झालं आणि पोरं दमली

नमस्कार मंडळी,

आमची मुलं यंदा नऊ-नऊ जणांचा फुटबॉल सोडून पूर्ण मैदानावर अकरा-अकरा जणांचा खेळायला लागली. गेल्या मोसमात हीच पोरं समोरच्यांना पळवून पळवून दमवायची. परवा पहिल्याच सामन्यात विसाव्या मिनिटाला सगळी कमरेवर हात ठेवून उभी! बाकीचे पालक म्हणतात, स्टॅमिना नाही, मैदानाला फेऱ्या मारायला लावा. मी नावालाच कोच, स्वतः कधी खेळले नाही. लावू का फेऱ्या?

---

ताई,

अजिबात नको. मी एक मोसम तेच केलं. मुलं फेऱ्या मारण्यात पटाईत झाली, सामने हरतच राहिलो.

जरा हिशोब बघा. नऊ-नऊचं मैदान साधारण ७३ बाय ४६ मीटर, खेळाडू १८. माणशी १८५ चौरस मीटरच्या आसपास. मोठं मैदान १०० बाय ६४ धरलं तर २२ जणांत माणशी २९०. जुन्या सवयीनं दहाच्या दहा जण चेंडूमागे धावतात, आणि समोरच्यानं एका लाथेत तो पलीकडे पाठवला की सगळी वरात माघारी. दमतात ती यानं.

मी प्लॅस्टिकचे कोन ठेवून मैदानाचे लांबीच्या दिशेनं चार पट्टे पाडतो. चेंडूच्या पट्ट्यात आपले तिघांहून जास्त नकोत, आणि पार पलीकडच्या पट्ट्यात एक जण राहिलाच पाहिजे. आमच्या त्या कडेच्या मुलाला पहिले दोन आठवडे वाटायचं, आपल्याला शिक्षाच झालीय. मग एकदा चेंडू फिरत फिरत त्याच्याकडे आला आणि समोर कोणीच नाही. तो इतका गांगरला की चेंडू पायाखालून बाहेर! पण त्या दिवसापासून जागा सोडेना.

लांब फटक्यांचा हट्ट धरू नका. मोठ्यांचा पाच नंबरचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा, लहानांचा चार नंबरचा ३५० ते ३९०. या वयात हाडं वाढत असतात. अति झालं की टाच नाहीतर गुडघ्याखालचा भाग दुखायला लागतो. एका पासात पोचत नसेल तर दोन पास.

---

दादा, पट्ट्यांचं पटलं. पण गोलकीपरचं काय? तीन गोल डोक्यावरून गेले, गाडीत बसेपर्यंत रडत होता.

---

त्याची काही चूक नाही हो. नऊ-नऊचा गोल बऱ्याच ठिकाणी ४.८८ बाय २.१३ मीटर असतो, मोठा ७.३२ बाय २.४४. उडी मारूनही हात पुरत नाही.

चेंडू ठेवा, तिथून दोन्ही खांबांपर्यंत दोऱ्या ताणा आणि त्याला गोलरेषेवर मधोमध उभं करा. मग चार पावलं पुढे यायला सांगा. दोन्ही बाजूंची मोकळी जागा किती घटली ते त्याला स्वतःलाच दिसेल. मग तुम्ही चेंडू हातानं अलगद त्याच्या डोक्यावरून टाका, म्हणजे किती पुढे आलं की फार झालं तेही कळेल. आपली बचावाची फळी पुढे सरकली की मात्र त्यानं गोलसमोरच्या पेनल्टी बॉक्सच्या कडेपर्यंत यावं. मागे मोकळ्या जागेत पडलेला चेंडू त्याचाच.

---

मंगळवारी दोरी आणते. पंधरा मीटर पुरेल?

---

दोन खांब आहेत ताई. तीस आणा, वर थोडी गाठींना.