मांजराचं तयार खाणं: तुम्ही कसं निवडता?

पाकिटाच्या दर्शनी बाजूला सगळेच गुणी असतात. 'प्रीमियम', 'नॅचरल', वर एक गुबगुबीत मांजर. तुम्ही नेमकं काय बघून घेता? पैसे कुठे वाचवता, कुठे वाचवत नाही? ब्रँडपेक्षा पद्धत सांगितलीत तर सगळ्यांच्या कामी येईल.

*

मी आधी पाकीट उलटं करते. ओल्या, म्हणजे वेट फूडवर प्रथिनं १० टक्के आणि ड्रायवर ३२ टक्के दिसली, की ड्रायच सरस वाटतं. पण वेटमध्ये ७८ टक्के पाणीच असतं. ते वजा केलं की उरलेल्या २२ भागांत १० भाग प्रथिनं, म्हणजे ४५ टक्के! ड्रायमध्ये ओलावा साधारण १० टक्के, त्यामुळे तिथे ३२ भागिले ९०, साडेपस्तीस टक्के. अमेरिकेत प्राण्यांच्या खाण्याचे निकष ठरवणाऱ्या 'आफको' संस्थेच्या निकषांत मोठ्या मांजराला कोरड्या वजनावर किमान २६ टक्के आणि पिल्लांना ३० टक्के प्रथिनं लागतात. म्हणजे पास दोन्ही होतात, पण तुलना करायची तर पाणी काढूनच. कर्बोदकांचा आकडा बहुतेक पाकिटांवर नसतोच. प्रथिनं, फॅट, फायबर, अ‍ॅश (म्हणजे खनिजं) आणि ओलावा यांची बेरीज शंभरातून वजा करा, अंदाज येतो.

*

वरच्या ताईंच्या हिशोबात एक भर. घटकांची यादी शिजवण्याआधीच्या वजनानुसार असते. ताज्या चिकनमध्ये पाणीच जास्त, म्हणून ते सहज पहिल्या नंबरावर येतं. पुढे कॉर्न, कॉर्न ग्लुटेन, तांदूळ असे धान्याचे घटक वेगवेगळे करून ओळीने दिसले की मी त्यांची मनातल्या मनात बेरीज करतो आणि मग चिकनशी ताडून बघतो. 'मील' हा शब्द बघून मात्र नाक मुरडू नका. चिकन मील म्हणजे पाणी काढलेलं चिकनच. चांगल्या दर्जाचं असेल तर प्रथिनं भरपूर.

*

आमच्याकडे निर्णय राणीसाहेब घेतात. महागडं पाकीट आणलं तर वाटी हुंगून, बाजूची फरशी पंजाने खरवडून निघून गेल्या. तेव्हापासून नवीन काहीही आधी लहान पाकिटातच.

*

मी किलोचा भाव बघतच नाही, दिवसाचा खर्च काढतो. ड्राय फूडमध्ये १०० ग्रॅमला साधारण ३५० ते ४०० कॅलरी, वेटमध्ये ८० ते १००. घरात लोळणाऱ्या चार किलोच्या मांजराला दिवसाला २०० च्या आसपास पुरतात. म्हणजे ड्राय पन्नासेक ग्रॅम, पण वेट दोनशेच्या वर. म्हणून आमच्याकडे सकाळी वेट, रात्री ड्राय. आणि ड्राय वजनकाट्यावर मोजूनच, कारण वाटीने घातलं की हात सैल सुटतो.

*

'कम्प्लिट' हा शब्द पाकिटावर आहे ना, एवढं आधी बघा. 'कॉम्प्लिमेंटरी' लिहिलेलं पाऊच म्हणजे खाऊ, जेवण नव्हे. टॉरिन हे अमिनो आम्ल कमी पडलं की मांजराचं हृदय कमजोर होतं, हे १९८७ साली संशोधनातून पुढे आलं आणि मग कंपन्यांनी त्याचं प्रमाण वाढवलं. कुत्र्याचं खाणं मांजराला रोज चालत नाही, त्यामागचं एक कारण हेच.

*

आमच्या बोक्याची लघवी अडली होती. तेव्हापासून व्हेटने, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांनी, सांगितलेलं खाणंच देते आणि तिथे काटकसर करत नाही. बदल करताना जुन्यात नवीन थोडं थोडं वाढवत आठ-दहा दिवस घ्या. 'भूक लागली की खाईल झक मारत' हा हट्ट मांजराशी करू नका. काही दिवस उपाशी राहिलं तर, त्यातही जाड मांजर असेल तर, यकृतावर बेतू शकतं. दिवसभर तोंड लावलं नाही तर जुनं खाणं पुढे ठेवा, आणि तेही नाकारलं तर सरळ व्हेट गाठा.