मदत हवी आहे: गुडघे दुखणाऱ्या आईला घेऊन पुढची क्रूझ कोणत्या कंपनीची करावी?

सुरंगीचा_वळेसर:

नमस्कार मंडळी,

आम्ही वेंगुर्ल्याचे. मी, नवरा, सातवीतली लेक आणि माझी आई असे चौघं जाणार आहोत. मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियाच्या एम्प्रेस जहाजाने गोवा झालं, लक्षद्वीपही झालं. दोन्ही वेळा मजा आली, तक्रार काही नाही. पण आता त्या जहाजाचा मजला न् मजला ओळखीचा झालाय. म्हणून या खेपेला दुसऱ्या कंपनीचं जहाज बघावं असं सगळ्यांचं म्हणणं आहे.

आमची अडचण नीट सांगते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना सोपं जाईल.

आईचं लहानपण गिरगावात गेलं. मे महिन्याच्या सुट्टीत ती मंडळी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी यायची. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरं ती अजून ओळीने म्हणून दाखवते. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावात उतरून किनाऱ्याला यावं लागायचं. ती बोट बंद होऊन जमाना झाला, पण आईची समुद्राची ओढ काही कमी झाली नाही. क्रूझचा विषय पहिल्यांदा तिनेच काढला होता.

आता तिचे दोन्ही गुडघे गेलेत. एकाचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं ती टाळते. लक्षद्वीपला एवढ्या मोठ्या जहाजाला लागायला धक्का नाही, त्यामुळे छोट्या बोटीत उतरून बेटावर जावं लागतं. बोट खालीवर होत होती. दोन माणसं हात धरायला उभी होती तरी आईचा पाय काही पुढे पडेना. शेवटी ती जहाजावरच थांबली आणि आम्ही तिघं बेटावर जाऊन आलो. यात कुणाची चूक नाही, पण दिवसभर माझं लक्ष तिच्याकडेच होतं. असं परत होऊ द्यायचं नाही, एवढं मी ठरवलंय.

माझ्या डोक्यात तीन नावं आहेत. सिंगापूरहून निघणारी रॉयल कॅरेबियन, सिंगापूरचीच रिसॉर्ट्स वर्ल्डची गेन्टिंग ड्रीम आणि दुबईहून हिवाळ्यात निघणारी एमएससी. कोस्टाचंही विचारलं होतं. त्यांचं सेरेना जहाज २०२३-२४ च्या हंगामात मुंबईला यायचं, पण सध्या आपल्याकडून काही दिसलं नाही. युरोप खर्चात बसत नाही. विमानासकट चौघांचे मिळून चार लाखांच्या आत बसवायचं आहे.

जायचं दिवाळीनंतरच. फेब्रुवारी ते मे आमचा काजूचा हंगाम, तेव्हा नवऱ्याला बागेतून हलता येत नाही. पावसाळ्यात मुंबईहून बहुतेक जहाजं सुटत नाहीत, आणि ऑक्टोबरात भातकापणी.

जेवणाचं म्हणाल तर नवरा शाकाहारी. आई मासे खाते, पण तिला दिवसातून एकदा भात लागतोच. लेकीला घसरगुंड्या आणि मोठा स्विमिंग पूल हवाय. आईला विचारलं तर म्हणते, "माका दर्या दिसाक व्हयो, बाजार नको." मलाही तसंच वाटतं. कसिनो आणि रोषणाई असेना का, पण बसून निवांत पाणी बघता येईल अशी जागा हवी, आणि त्यासाठी वेगळे पैसे पडू नयेत.

ज्यांनी या कंपन्यांची जहाजं केली आहेत त्यांनी कृपया लिहा. एजंट सगळ्यालाच "बेस्ट आहे मॅडम" म्हणतो, त्याच्यावरून काही ठरवता येत नाही.

---

सागरगोटा:

ताई, सिंगापूरहून रॉयल कॅरेबियन केली आहे, सासूबाई बरोबर होत्या. क्वांटम वर्गातलं जहाज होतं, पावणेदोन लाख टनांच्या जवळपास. तुमची एम्प्रेस मुळात याच कंपनीची, १९९० ची, जेमतेम ४८ हजार टनांची. त्यामुळे पहिल्या दिवशी आईंना हे जहाज फार मोठं वाटेल. लिफ्टपासून डायनिंगपर्यंत चालणं बरंच आहे. व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा. बंदरावर चढायला-उतरायला ती मिळते, पण जहाजावर रोज फिरायला हवी असेल तर स्वतःची न्यावी लागते.

लेक खूश होईल याची खात्री. आईंसाठी नॉर्थ स्टार नावाची काचेची खोली आहे. एका लांब दांड्याने ती जहाजाच्या वर उचलली जाते, समुद्रापासून जवळजवळ ३०० फुटांवर. सासूबाई आत जायला घाबरत होत्या, पण वर गेल्यावर एकदम गप्प झाल्या आणि नंतर घरी येईपर्यंत त्याचंच बोलत होत्या. काही वेळांना त्याचे पैसे पडतात, ते आधी बघून घ्या.

भारतीय जेवण रोज बुफेत असायचं. डाळ-भात, एखादी भाजी, पनीर. चव हॉटेलसारखी, घरची नव्हे. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही.

एक खर्च लोक धरत नाहीत. टिप रोज माणशी १८ डॉलरच्या पुढे कापली जाते, लहान मुलांचीही. चौघांना चार रात्रींचे ३०० डॉलरच्या आसपास होतात. तिकिटाची तुलना करताना प्रत्येक कंपनीची टिप तिच्या भाड्यात मिळवा आणि मगच स्वस्त-महाग ठरवा.

---

जुना_दर्यावर्दी:

मी रत्नागिरीचा, मर्चंट नेव्हीत आयुष्य काढलं. बाई, तुम्ही कंपनी विचारताय, पण तुमच्या आईसाठी आधी बंदर बघा. जहाज कोणत्याही कंपनीचं असो, ते धक्क्याला लागणार की बाहेर नांगर टाकणार, यावर तुमच्या आईचा दिवस अवलंबून आहे.

सिंगापूरहून निघणाऱ्या फेऱ्यांचं सांगतो. पेनांगला स्वेटनहॅम पिअर आहे, जॉर्जटाउनच्या अगदी अंगाला. जहाज धक्क्याला लागतं, शिडीवरून उतरलं की समोर गाव. जॉर्जटाउन २००८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, जुन्या पेढ्या, देवळं, चिनी वाडे सगळं जवळजवळ. सायकलरिक्षा मिळते, आईंना पायी फिरायची गरज नाही. पोर्ट क्लांगलाही धक्का आहे. तिथून क्वालालंपूर मात्र बरंच लांब, बसमध्ये तास-दीड तास जातो. आईंना घेऊन ते करू नका, त्या दिवशी त्यांनी रिकाम्या डेकवर बसावं, फार छान वाटतं.

फुकेतचं वेगळं आहे. तिथे मोठी जहाजं बहुधा पातोंगसमोर नांगर टाकतात आणि लोकांना छोट्या बोटीतून नेतात, म्हणजे लक्षद्वीपचाच प्रकार. मलाक्कालाही तसंच. त्यामुळे मार्गात फुकेत आहे म्हणून भुलू नका. कार्यक्रमपत्रिकेत बंदराच्या नावापुढे 'टेंडर', म्हणजे छोट्या बोटीने उतरणं, असं लिहिलंय का ते बघा. नसेल लिहिलं तर कंपनीला ईमेल करून लेखी विचारा.

हवामान. नोव्हेंबर-डिसेंबरात तिकडे ईशान्य मोसमी वारे. दक्षिण चीन समुद्राच्या बाजूला पाणी खवळतं, व्हिएतनामकडे जाणाऱ्या फेऱ्या या दिवसांत आईंना नकोत. मलाक्काच्या सामुद्रधुनीत मात्र एका बाजूला सुमात्रा आणि दुसऱ्या बाजूला मलाया, दोन्हीकडून आडोसा. पाऊस पडेल, दुपारी धो धो पडेल, पण जहाज फार हलणार नाही.

केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्या. पुढच्या टोकाला आणि वरच्या मजल्यावर हालचाल जास्त जाणवते. लिफ्टपासून जवळ, पण लिफ्टला लागून नको, रात्रभर माणसांचा आवाज येतो. आणि वरच्या मजल्यावर डिस्को किंवा स्वयंपाकघर नाही ना, ते नकाशात बघायचं. दोन्ही कंपन्यांचे मजल्यांचे नकाशे साइटवर मिळतात.

बाल्कनी घेणार असाल तर सिंगापूरहून वर पेनांगला जाताना उजवीकडची घ्या, मलायाचा किनारा त्या हाताला असतो. जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या सामुद्रधुनींपैकी आहे ती. टँकर, कंटेनरची जहाजं, मच्छीमार, एकापाठोपाठ एक जात असतात. दर्या बघायचा म्हणणाऱ्या माणसाला याहून चांगली जागा नाही.

---

सुरंगीचा_वळेसर:

काका, तुमचे फार आभार. धक्क्याचं मला सुचलंच नव्हतं, मी नुसते कंपन्यांचे फोटो बघत होते. एजंटने जो कार्यक्रम पाठवलाय त्यात फुकेत आहे, तो आता बाद. पेनांग आणि पोर्ट क्लांग असलेल्या फेऱ्या शोधते.

गेन्टिंग ड्रीम कुणी केली आहे का? आणि व्हिसाचं काय?

---

नीरफणस_कापे:

आम्ही केली, आईवडिलांना घेऊन. जहाज रॉयलपेक्षा थोडं लहान, दीड लाख टनांचं, २०१६ चं. तुम्हाला उपयोगी पडेल अशी गोष्ट म्हणजे आठव्या मजल्यावरची उघडी प्रोमनेड. जहाजाला पूर्ण वळसा घालून चालता येतं आणि पाणी जवळ दिसतं, वरच्या डेकवरून दिसतं तसं लांबून नाही. बाबा सकाळी सहाला चहा घेऊन तिथे जाऊन बसायचे. तिथे बसायला कुणी पैसे मागत नाही. मुलांसाठी घसरगुंड्या आणि दोरखंडाचा खेळ वर आहे, म्हणजे तुमची लेकही नाराज होणार नाही.

जेवणात भारतीय शाकाहारी आणि जैन दोन्ही मिळतं. आपल्याकडचे प्रवासी इतके असतात की स्वयंपाकी सरावलेले आहेत. आमच्या फेरीत सकाळी उपमा-इडलीही होती. मासे मात्र आपल्या पद्धतीचे शोधू नका, आईंना आधीच सांगून ठेवा. सुकी चटणी आणि लोणच्याची बंद पाकिटं नेऊ देतात, घरी शिजवलेलं नेऊ देत नाहीत.

कसिनो आहे आणि त्याची जाहिरातही भरपूर. आम्ही त्या मजल्यावर फिरकलोच नाही, काही बिघडलं नाही. सुट्टीच्या दिवसांत गर्दी मात्र असते, लिफ्टला थांबावं लागतं. दिवाळीच्या सुट्टीत भारतातून खूप लोक येतात, जमलं तर त्यानंतरचा आठवडा धरा. भाडंही उतरतं.

व्हिसा: सिंगापूरचा लागतोच, आणि तो मल्टिपल एंट्रीचा हवा. कारण जहाज मलेशियाला जाऊन परत आलं की ती दुसरी एंट्री होते. सिंगापूरचं ऑनलाइन अरायव्हल कार्ड विमानाने जाताना भरायचं आणि जहाजाने परत येतानाही भरायचं. मलेशियाला भारतीयांना डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण ती सवलत मुदतीची आहे, तिकीट काढायच्या आधी पुन्हा बघा. त्यांचंही डिजिटल कार्ड वेगळं भरायचं असतं.

---

खाडीपलीकडे:

दुबईची एमएससी आखातात काम करताना केली होती. जहाज सुंदर, दोहा-अबूधाबीला थेट धक्का, हिवाळ्यात हवा उत्तम. पण त्या भागातली परिस्थिती बदलली की कंपन्या मार्ग बदलतात. २०२३ च्या शेवटापासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले झाले ते आपण पाहिलंच. आईंना घेऊन पहिल्यांदा परदेशी क्रूझ करताय तर मी सिंगापूरच सुचवेन. शिवाय तिथे भात आपल्या चवीच्या जवळचा.

विम्याचं लिहितो कारण कुणी लिहिलं नाही. क्रूझ धरलेला प्रवास विमा घ्या. आईंचं गुडघ्याचं ऑपरेशन आणि बीपी असेल तर तेही फॉर्ममध्ये लिहा, लपवू नका. जहाजावरच्या डॉक्टरची फी भयंकर असते. आणि गोळ्या पर्समध्ये ठेवा. मोठ्या बॅगा चढतानाच घेतात आणि त्या केबिनच्या दारात संध्याकाळी येतात.

---

जुना_दर्यावर्दी:

एक राहिलं. वेंगुर्ल्याहून आधी मुंबई किंवा गोवा, तिथून पुढे सिंगापूर, असा तुमचा प्रवास. ज्या दिवशी जहाज सुटतं त्याच दिवशी सकाळी सिंगापूरला उतरू नका. जहाज सुटायच्या तासाभराहून आधीच चेक-इन बंद होतं. विमानाला उशीर झाला तर जहाज थांबत नाही, आणि तुम्हाला पुढचं बंदर गाठावं लागतं. एक रात्र सिंगापुरात काढा, आईंचे पायही मोकळे होतील.

---

सुरंगीचा_वळेसर:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल रात्री जेवणं झाल्यावर आईला दोन्ही जहाजांचे नकाशे दाखवले. लेक रॉयल कॅरेबियनकडे आहे, पण आईने आठव्या मजल्यावरच्या प्रोमनेडवर बोट ठेवलं आणि नवऱ्यालाही जैन जेवणाचं ऐकून बरं वाटलं. तेव्हा गेन्टिंग ड्रीमच ठरतंय. दिवाळीची सुट्टी संपता संपता, पेनांग आणि पोर्ट क्लांगची फेरी, टेंडर नसलेली. कंपनीला लेखी विचारलंय, उत्तराची वाट बघतेय. शाळेतून लेकीला दोन-तीन दिवसांची रजा मागावी लागेल, बाईंशी बोलून घेते.

आता एवढंच विचारायचं आहे: बाल्कनीच्या दोन शेजारी-शेजारी खोल्या घ्याव्यात, की आई आणि लेकीसाठी बाल्कनीची आणि आम्हा दोघांना बिनखिडकीची? दुसऱ्या पर्यायात बरेच पैसे वाचतात आणि ते आईच्या सिंगापुरातल्या हॉटेलला वापरता येतील. पण बिनखिडकीची खोली त्याच मजल्यावर जवळ मिळते का, रात्री आईला काही लागलं तर लगेच पोचता येईल इतकी? ज्यांनी असं केलंय त्यांनी सांगा. येत्या आठवड्यात आगाऊ रक्कम भरायची आहे.