मदत हवी आहे: गोवा–मुंबई ४२५ किमी, मग विमानाला सव्वा तास कशाला?

मंडळी, आई (वय ७१) पुढच्या महिन्यात भाचीच्या लग्नाला फोंड्याहून नागपूरला निघालीय. हव्या त्या तारखेला थेट विमान नाही, म्हणून मोपा (गोव्याचा नवा विमानतळ)–मुंबई एक आणि मुंबई–नागपूर दुसरं, अशी दोन वेगळी तिकिटं काढायचा विचार आहे. पैसे अजून भरलेले नाहीत.

नेटवर गोवा–मुंबई हवाई अंतर ४२५ किमी दिसतं. ताशी ८०० किमी धरले तर ३२ मिनिटांत पोचायला हवं. तिकिटावर १ तास १५ मिनिटं! दिल्ली १५०० किमी, म्हणजे साडेतीन पट लांब, तिथे मात्र वेळ अडीच तास, जेमतेम दुप्पट. हे कसं काय?

दोन विमानांच्या मधे १ तास ५० मिनिटं आहेत. पहिलं अर्धा तास आधीच उतरेल आणि आरामात जमेल, असा माझा हिशोब. बायको म्हणते, तुझं विमान कागदावरच उडतं.

प्रतिसाद १
तिकिटावरची वेळ हवेतली नसते. विमान उभ्या जागेवरून हललं की घड्याळ सुरू, तिकडे जागेवर जाऊन थांबलं की बंद. हवेत असतं ४५-५० मिनिटं, त्यातलीही बरीचशी चढण्या-उतरण्यात जातात. ८०० चा वेग मुंबईच्या विमानाला जरा वेळच मिळतो, दिल्लीच्या विमानाला तासभर तरी. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, दोन्ही एकदम वापरता येत नाहीत. गर्दीत विमान वरच घिरट्या घालत बसतं.

आणि ते ४२५ किमी दाबोळीपासूनचे, म्हणजे गोव्याच्या जुन्या विमानतळापासूनचे. मोपा उत्तरेला, पेडण्यात. तिथून ३८५ च्या आसपास. तिकिटावर जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा, एवढं मात्र नीट बघा. आमचे एक पाहुणे सामानासकट दाबोळीला हजर, विमान मोपाहून!

प्रतिसाद २
अंतर राहू द्या, वेगळी तिकिटं काढू नका. पहिलं विमान लेट झालं तर दुसरं थांबत नाही, आणि ते पैसेही बुडाले. सामान देण्याचा काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतो. म्हणजे तुमच्या हातात ५० मिनिटं, तेवढी तर पट्ट्यावर बॅग येईपर्यंतच जातील. मुंबईत एक विमान टी१ (टर्मिनल १) ला नि दुसरं टी२ ला असेल तर बाहेर पडून रस्त्याने जायचं, ते वेगळंच. एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) काढा. आणि काकूंसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, ऐनवेळी नको.

धागाकर्ता
धन्यवाद! एकाच पीएनआरवर सापडलं, मधे ३ तास. थोडं महाग पडतंय, पण घेतो. आईला विमानापेक्षा खाजं आणि काजू हातातल्या पिशवीत चालतील का, याचीच काळजी. चालतील ना?